कंसातला 'मी'

'मी दारू पीत नाही' आणि 'दारू पिऊ नये' ही दोन वाक्ये कानाला जवळजवळ सारखीच वाटतात. पण पहिल्याने माणूस स्वतःला बांधून घेतो आणि दुसऱ्याने शेजाऱ्याला. आपल्या मराठीची मोठी सोय अशी, की या दोहोंची गफलत सहसा होत नाही. 'पीत नाही' म्हटले की ते माझ्यापुरते. 'पिऊ नको' म्हटले की ते समोरच्याला. क्रियापदच आपला पत्ता सांगून मोकळे होते. इंग्रजीचे तसे नाही. तेथे बोलण्याच्या ओघात कर्ता गळला, की 'मी पीत नाही' आणि 'तू पिऊ नकोस' ही दोन्ही वाक्ये अक्षरशः एकच होऊन बसतात. ऐकणाऱ्याने हवा तो अर्थ घ्यावा.

व्याकरणातली ही एवढीशी फट. पण तिच्यात अमेरिकेतल्या चार मुलांचा एक बँड चांगलाच अडकला, आणि त्यांच्यामागून कित्येक देशांतली हजारो पोरे त्याच फटीतून आत शिरली. बँड म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढे लाल डगले आणि वरातीपुढचे पितळी कर्णे उभे राहतील, म्हणून आधी थोडी ओळख करून द्यायला हवी. चकली-चिवड्याच्या ताटात हा पदार्थ सहसा पडत नाही.

१९७६ च्या सुमारास न्यूयॉर्क आणि लंडन या शहरांत 'पंक' नावाचे संगीत पुढे आले. रॉक संगीत तोवर धनाढ्य झाले होते. प्रचंड मैदाने भरत, एकेक वादन वीस-वीस मिनिटे चाले, आणि ऐकणारा पोरगा मंचापासून फर्लांगभर दूर उभा असे. पंकवाल्यांनी त्याला सांगितले, की तुला गिटारीवर दोन-तीन पट्ट्या धरता येत असतील तर तूच वर ये. त्यातून अमेरिकेत १९८० च्या आसपास जो अधिक वेगवान आणि अधिक उग्र प्रकार निघाला तो 'हार्डकोअर पंक'. गाणे मिनिटा-दीड मिनिटाचे, गिटार करवतीसारखी, ड्रम पूल ओलांडणाऱ्या आगगाडीसारखा. गायक गातो म्हणण्यापेक्षा ओरडतो म्हणणे अधिक खरे. विलंबित ख्यालावर पोसलेल्या कानाला हे पहिल्या भेटीत रुचेल, असे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. पण त्या ओरडण्यात शब्द असतात, आणि आपल्याला आज कामाचे आहेत ते शब्द.

वॉशिंग्टन हे राजधानीचे शहर. सरकारी अधिकारी, वकील, वार्ताहर यांची मुले तेथे एकाच शाळेत शिकत. इयन मकाय हा त्यांतलाच. १९६२ चा जन्म, वडील 'वॉशिंग्टन पोस्ट' या वृत्तपत्रात. विल्सन हायस्कूलमधला त्याचा वर्गमित्र जेफ नेल्सन. या मुलांनी आपल्याच गावात 'बॅड ब्रेन्स' नावाचा कृष्णवर्णीय तरुणांचा बँड पाहिला, आणि संगीत इतक्या वेगाने आणि तरीही इतक्या सफाईने वाजवता येते हे पाहून ती थक्क झाली. मग १९७९ मध्ये मकाय, नेल्सन आणि आणखी दोघे यांनी 'टीन आयडल्स' नावाचा स्वतःचा बँड काढला. तो वर्षभरच चालला. या मुलांनी आपापसांत पैसे वाटून न घेता ते साठवले, आणि बँड मोडल्यावर त्या पैशांतून स्वतःची तबकडी काढली. त्यासाठी जी कंपनी स्थापन झाली तिचे नाव 'डिस्कॉर्ड'. तबकडीची पाकिटे मुलांनी स्वतः कापली, दुमडली, चिकटवली. आपल्याकडे दिवाळीत आकाशकंदिलाचे कागद घेऊन मुले ओसरीवर बसतात, तसेच काहीसे ते दृश्य असणार.

या टीन आयडल्सच्या हयातीत एक गंमत घडली. १९८० च्या उन्हाळ्यात ही पोरे कॅलिफोर्नियाला वाजवायला गेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'मबुहाय गार्डन्स' या ठिकाणी कायद्याने अज्ञान असलेल्या मुलांना आत सोडत, पण त्यांच्या हातांच्या पाठीवर काळ्या शाईने मोठी फुली मारत. म्हणजे मद्य देणाऱ्याने ओळखावे, की याला द्यायचे नाही. वॉशिंग्टनला परतल्यावर मुलांनी तिथल्या '९:३० क्लब'च्या चालकांना हीच युक्ती सुचवली: आम्हांला फुली मारा, आम्ही पिणार नाही, पण गाणे ऐकू द्या. फुली ही मनाईची खूण. शाळेत चुकलेल्या गणितावर मारतात तीच. पण पुढे ज्यांना पिण्याचा हक्क होता असेही तरुण आपल्या हाताने आपल्या हातावर ती काढू लागले. कुणी लादलेली गोष्ट माणसाने आपण होऊन उचलली, की तिचे वजन बदलते. गळ्यातल्या तुळशीच्या माळेचे तेच असते. आजोबांनी घातलेली माळ आणि स्वतः पंढरपुरी जाऊन घेतलेली माळ, दोन्हींचे मणी सारखेच, पण खूण वेगळी.

१९८० च्या डिसेंबरात मकाय आणि नेल्सन यांनी नवा बँड उभा केला. लाइल प्रेस्लर गिटारीला आला. ब्रायन बेकर हा बास वाजवणारा तर तेव्हा पंधरा वर्षांचा होता. मकाय गायला लागला. बँडचे नाव 'मायनर थ्रेट'. नावात श्लेष आहे: 'मायनर' म्हणजे किरकोळ, आणि 'मायनर' म्हणजे कायद्याच्या भाषेत अज्ञान, अल्पवयीन. किरकोळ धोका म्हणा, की पोरासोरांकडून असलेला धोका म्हणा. १९८१ मध्ये निघालेल्या त्यांच्या पहिल्या तबकडीवर 'स्ट्रेट एज' नावाचे गाणे आहे. स्ट्रेट एज म्हणजे सरळ कडा, रेघा आखायची पट्टी. गाणे अवघे शेहेचाळीस सेकंदांचे. चहाला आधण येण्यापूर्वी ते संपते.

आशय इतकाच, की मीही तुमच्यासारखाच माणूस आहे. पण नशेत पडून राहण्यापेक्षा मला करण्यासारखे पुष्कळ आहे.

हे ओरडून सांगण्यासारखे काय होते, असे कोणीही विचारील. त्याचे उत्तर त्या काळात आहे. १९७० च्या दशकातल्या अमेरिकन हायस्कुलात न पिणारा मुलगा म्हणजे थट्टेचा विषय. बंडखोरी म्हणजे नशा, हे समीकरण इतके पक्के झाले होते, की जो बंडखोर असूनही शुद्धीवर आहे त्याच्यासाठी भाषेत शब्दच नव्हता. नको म्हणणाऱ्याला आग्रह करण्याची हौस सर्व देशांत सारखीच असते. आपल्याकडे मधुमेह झालेल्या काकांना दिवाळीत 'एकच करंजी घ्या हो, एकाने काय होते' म्हणून जी प्रेमळ जबरदस्ती चालते, तीत आणि 'एकच पेला घे' यात तत्त्वतः फरक फारसा नाही. वास तेवढा वेगळा. काका हसून ताट सरकवतात. एकोणीस वर्षांचा मुलगा ओरडतो. वीस जण पीत असलेल्या खोलीत एकट्याने 'मी नाही' म्हणायचे, तर आवाज थोडा चढवावाच लागतो, आणि त्या चढलेल्या आवाजाला मी दोष देणार नाही.

अडचण त्याच वर्षीच्या दुसऱ्या तबकडीपासून सुरू झाली. तीत 'आउट ऑफ स्टेप' नावाचे गाणे आले. त्यात तीन नकार एकामागून एक आहेत: धूम्रपानाचा, मद्याचा, आणि प्रेमावाचून केवळ जिंकल्याच्या आनंदासाठी होणाऱ्या देहव्यवहाराचा. आणि ते नकार उच्चारताना, ताल साधण्यासाठी असेल, मकायने कर्ता गाळला. झाले! आरंभी सांगितलेली फट उघडी पडली. गाणारा म्हणतो, 'मी करीत नाही'. ऐकणारा ऐकतो, 'करू नका'.

हे प्रथम खटकले ते बाहेरच्या कुणा टीकाकाराला नव्हे, मागे बसून ड्रम वाजवणाऱ्या जेफ नेल्सनला. त्याचे म्हणणे असे, की हे उपदेशासारखे ऐकू येते. आणि या बँडच्या नावावर लोकांना उपदेश केला जावा हे त्याला मान्य नव्हते. बँडमधले सगळेच काही मकायच्या व्रताचे काटेकोर पालन करणारे नव्हते, हेही लक्षात घ्यायला हवे. गायक जे बोलतो ते चौघांच्या तोंडी पडते. शेवटी छापील शब्दांत 'मी' घातला गेला, पण कंसात. मला हा कंस फार बोलका वाटतो. 'मी' आहे, पण गाण्यात तो ऐकू येत नाही. कागद वाचणाऱ्यालाच दिसतो.

वाद तेवढ्याने मिटला नाही. १९८३ मध्ये मोठ्या तबकडीसाठी तेच गाणे पुन्हा मुद्रित करायचे ठरले. मुद्रण व्हायचे व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टन येथे, डॉन झिएन्टारा या तंत्रज्ञाच्या घराच्या तळघरात. तेथे मकाय आणि नेल्सन यांची त्याच मुद्द्यावरून पुन्हा जुंपली. आणि झिएन्टाराचे यंत्र चालू होते! त्या भांडणातले मकायचे बोलणे त्यांनी गाण्याच्या मध्यभागी ठेवून दिले. वाद्ये वाजत राहतात आणि मध्येच हा तरुण सरळ बोलू लागतो, की हे काही नियमांचे पुस्तक नाही, काय करायचे ते मी तुम्हांला सांगत नाही. या गोष्टींभोवती लोकांनी आपले अवघे आयुष्य गुंडाळून घेतले आहे आणि माझे पाऊल त्यांच्याशी पडत नाही, एवढेच. भाष्यकार मूळ ग्रंथावर टीका लिहितात ती वेगळ्या पोथीत; येथे मूळ आणि टीका एकाच मिनिटात, एकाच तोंडून.

आता या खुलाशाने काम भागले काय? माझ्या मते भागले नाही, आणि भागण्यासारखे नव्हतेही. दोष केवळ व्याकरणाचा असता तर कंसाने तो दुरुस्त झाला असता. पण गाणे ही एकट्याने म्हणायची गोष्ट नाही. विशेषतः या संगीतात तर मंच बुटका, गर्दी मंचाला भिडलेली, आणि गायक ध्वनिक्षेपक पुढच्या पोरांच्या तोंडाशी धरतो. तीनशे मुले एकदम तेच शब्द ओरडतात. एका तोंडचा 'मी' तीनशे तोंडांत गेला की त्याचा 'आम्ही' होतो. आणि 'आम्ही' एकदा म्हटले, की दाराशी उभा असलेला 'तू' कोण, हा प्रश्न आपोआप उठतो. एकट्याचे 'नाही' हा स्वतःच्या बचावाचा बांध असतो. तीनशे जणांचे तेच 'नाही' इतरांना बाहेर ठेवणारी भिंत होऊ शकते. शब्द बदललेला नाही. संख्या बदलली आहे. नैतिक वाक्यांचा विचार करताना आपण त्यांचा आशय तपासतो, पण ती कितीजण म्हणत आहेत आणि ऐकणारे कितीजण आहेत याची मोजदाद क्वचितच करतो.

पंगतीत हे नेहमी दिसते. दहा जेवणाऱ्यांत एकजण एकादशीचा निघाला, तर घरची बाई त्याच्यासाठी वरीचे तांदूळ वेगळे शिजवते आणि तो बापडा 'माझ्यासाठी कशाला त्रास' म्हणत राहतो. सारे घरच एकादशीचे असले आणि एकालाच भूक लागली असली, तर मात्र भात मागताना त्याची जीभ अडखळते. कुणी त्याला 'खाऊ नको' म्हटलेले नसते.

मायनर थ्रेटच्या त्या शेहेचाळीस सेकंदांची पुढे चळवळ झाली. बोस्टनच्या मुलांविषयी सांगतात, की ती कार्यक्रमांत दुसऱ्यांच्या हातांतले बिअरचे पेले उडवून देत. १९८५ मध्ये 'यूथ ऑफ टुडे' हा बँड निघाला. त्यांनी व्रतात शाकाहाराची भर घातली. त्यांचा गायक रे कॅपो पुढे कृष्णभक्त झाला आणि 'शेल्टर' नावाच्या बँडमधून तो भक्तीची गाणी त्याच हार्डकोअर गर्जनेत म्हणू लागला. हे वाचून हसू येईल, पण त्यात एक संगती आहे. भक्तिवेदान्त स्वामींनी १९६६ मध्ये न्यूयॉर्कात जो कृष्णभक्तीचा संघ स्थापन केला, त्याचे चार यमनियम मांस, मद्यादी नशा, द्यूत आणि अवैध संग यांना मनाई करतात. पंक पोराला त्यांतले निम्म्याहून अधिक आधीच पाठ होते! १९९० च्या दशकात सॉल्ट लेक सिटी या शहरात मात्र हातावर फुली काढणाऱ्या काही तरुणांनी सिगारेट ओढणाऱ्यांना मारहाण करण्यापर्यंत मजल नेली, आणि तिथल्या पोलिसांनी त्यांची गणना टोळ्यांमध्ये केली. मनाईची फुली, मग अभिमानाची फुली, आणि आता पुन्हा मनाईची. या वेळी मात्र ती दुसऱ्याच्या हातावर मारायची होती.

अमेरिकेला हे नवे नव्हते. चांगल्या माणसांनी चांगल्या हेतूने केलेली दारूबंदी त्या देशाने १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षे अनुभवली होती. आपल्याकडेही १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याला परवाना घ्यायला लावले, आणि परवान्याच्या कागदाने कुणाची तहान कमी झाली असे दिसले नाही. मला त्या कायद्यांची टिंगल करायची नाही. नवऱ्याच्या दारूपायी ज्या बाईच्या घरातली भांडी गेली, तिला 'हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे' असे सांगायला मोठा निगरगट्टपणा लागेल. व्रत स्वतःपुरते असावे हे म्हणणे सोपे आहे; पण ज्याचे परिणाम स्वतःपुरते राहत नाहीत अशा गोष्टीविषयी काय करायचे? या प्रश्नाला कंसातला 'मी' पुरत नाही, हे कबूल केले पाहिजे.

या कथेत मला खरा रस वाटतो तो मकायने पुढे काय केले यात. मायनर थ्रेट तीन वर्षेही टिकला नाही. मध्ये प्रेस्लर महाविद्यालयात गेला तेव्हा तो एकदा मोडला, पुन्हा जुळला, स्टीव्ह हॅन्सगेन म्हणून पाचवा मुलगा आला, आणि पुढची दिशा काय याविषयी मतभेद वाढत जाऊन १९८३ च्या सप्टेंबरात वॉशिंग्टनमध्येच शेवटचा कार्यक्रम झाला. त्यांचे सगळे प्रकाशित संगीत पाऊण तासाच्या आसपास संपते. व्याकरणावरून भांडलेले मकाय आणि नेल्सन मात्र डिस्कॉर्ड कंपनीचे भागीदार राहिले. बँड मोडला, दुकान मोडले नाही. असे आपल्याकडच्या नाटक मंडळ्यांत क्वचितच घडले.

१९८७ मध्ये मकायचा नवा बँड रंगमंचावर आला: 'फुगाझी'. गाय पिचोटो, जो लॅली आणि ब्रेंडन कँटी हे त्याचे साथीदार. यांच्या गाण्यांत न पिण्याचा उपदेश नाही. यांची बंधने सगळी व्यवहारात होती, आणि ती त्यांनी स्वतःवर घातली होती. तिकीट शक्यतो पाच डॉलरच. कार्यक्रम कोणत्याही वयाच्या मुलाला खुला. दाराशी वय विचारायचे नाही. बँडच्या नावाचे सदरे, टोप्या वगैरे माल विकायचा नाही. (यावर कुणा चतुर माणसाने 'हा फुगाझीचा सदरा नव्हे' असे छापलेले सदरे काढून विकले. व्रतस्थांच्या आसपास असे चतुर लोक नेहमी असतात.) डिस्कॉर्डचे बँडांशी लेखी करार नसत, नफा समान वाटायचा. १९९३ मध्ये अटलांटिक या बड्या कंपनीचे अहमत एर्टेगुन, ज्यांनी रोलिंग स्टोन्सना आपल्या कंपनीत आणले होते, स्वतः त्यांना गळ घालायला गेले. यांनी नकार दिला, आणि त्या नकारावर गाणे केले नाही.

येथे एक शंका घेता येईल. पाच डॉलरचे तिकीट हाही उपदेशच नव्हे काय? शेजारच्या सभागृहात वीस डॉलर घेणाऱ्या बँडला तो टोचणारच. न बोलता पाळलेल्या व्रतातही एक मूक ठपका असतो. उपवास करणारा काहीच बोलत नाही, आणि नेमके तेच जेवणाऱ्याला ऐकू येते. ही शंका मला खरी वाटते. पण एक फरक त्यातून सुटतो. 'पिऊ नका' हे वाक्य बोलायला बोलणाऱ्याचे काहीच जात नाही. तिकीट पाच डॉलर ठेवायला मात्र दर रात्री, दर श्रोत्यामागे, बँडच्याच खिशातून पैसे जातात. जो नियम पाळताना नियम करणाऱ्याचेच नुकसान होते, त्याच्यावर मी जरा अधिक विश्वास ठेवतो. त्या नियमाला कंसाची गरज पडत नाही. कर्ता पैसे मोजतानाच दिसतो.

आणि ज्याचे परिणाम दुसऱ्यावर होतात त्याचे काय, या मघाच्या प्रश्नाशीही यांची गाठ पडली. हार्डकोअरच्या कार्यक्रमांत मंचापुढची मुले एकमेकांवर आदळत नाचतात. पुष्कळदा ते दांडग्यांचे रान होई. बारकी पोरे आणि मुली भिंतीशी चेपल्या जात. फुगाझीने येथे गप्प बसायचे नाही असे ठरवले. प्यायलेल्या माणसाला ते काही म्हणत नसत; मारणाऱ्या माणसाला म्हणत. गाणे मध्येच थांबायचे. मकाय किंवा पिचोटो ध्वनिक्षेपकावरून त्या माणसाला, अनेकदा 'महाशय' म्हणून, विनंती करायचे, की हे थांबवा. काहींना या सभ्यपणाचा राग येई. पैसे देऊन गाणे ऐकायला आलो, शाळेत नाही, असे ते म्हणत, आणि त्यांच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नव्हते असे नाही. जेथे भिंतीशी चेपलेली मुलगी आणि नाचणारा दांडगा यांत निवडायचे आहे, तेथे मात्र गायकाने तटस्थ राहावे असे मला वाटत नाही.

विनंती करूनही ऐकले नाही, तर त्या माणसाला सभागृहाबाहेर नेत, आणि दाराशी त्याचे पाच डॉलर त्याला परत देत.